विजयदुर्गाचा पाडाव

चांद्याचा परकोट ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांनी मे 1818 मध्ये फोडला, ही हकीकत चंद्रपूर-गडचिरोलीकडील वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या तोफांमागील सत्ता समुद्रमार्गे कशी प्रबळ झाली, हे उमजण्यासाठी या अरण्यप्रदेशावरून दृष्टी काढून कोकणातील विजयदुर्गाकडे वळवावी लागते.

आरमार घेऊन येणारा शत्रू मारा कोठे करावयाचा हे स्वतः ठरवितो, आणि बचाव करणाऱ्यास मात्र समग्र किनाऱ्याचा बंदोबस्त ठेवावा लागतो. तथापि नुसत्या जहाजांनी मुलूख ताब्यात येत नाही, त्यासाठी फौज वेळीच उतरविणे अगत्याचे असते. विजयदुर्गावर हेच घडले: 12 फेब्रुवारी 1756 रोजी इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी खाडीत शिरून भडिमार आरंभिला, एका गोळ्याने किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांच्या जहाजास आग लागली आणि ती पसरत जाऊन तेथे नांगरलेले त्यांचे आरमार भस्मसात झाले. त्याच रात्री इंग्रज सेनानी क्लाइव्हने फौज उतरवून किल्ला व पेशव्यांचे सैन्य यांच्यामधली वाट अडविली, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. ज्या नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांच्या पारिपत्यासाठी इंग्रजांशी करार केला होता, त्यांना विजयदुर्ग मिळाला तो ऑक्टोबरातील तहाने, बाणकोट इंग्रजांस दिल्यावर. कान्होजी आंग्र्यांनी वाढविलेले आरमार स्वकीयांच्याच संमतीने जळावे, हे मला आजही अत्यंत क्लेशदायक वाटते.

हेच वॉटसन आणि क्लाइव्ह त्या वर्षाअखेर हुगळी नदीत शिरले, जानेवारी 1757 मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले, आणि जूनमध्ये प्लासीचा निकाल लागला.