बावलीचं गाव आणि जबलपूरचं बियाणं

गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी गाडी बाघ नदी ओलांडते आणि महाराष्ट्र मागे पडतो. खिडकीबाहेर मात्र काहीच बदलत नाही. त्याच बांध्या, तेच धुरे, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायकांच्या त्याच रांगा. पोवारी, मराठी, गोंडी, हिंदी अशा बोली एकमेकींत मिसळलेल्या. थोड्या वेळाने 'हट्टा रोड' हे छोटंसं स्टेशन येतं. (दमोह जिल्ह्यातलं हट्टा वेगळं, हे बालाघाटचं.)

हट्ट्याची ओळख म्हणजे इथली बावली. आपण जिला बारव म्हणतो तीच, पण हिचा थाट वेगळा. पायऱ्या उतरत गेलं की पाण्याभोवती दगडी खांबांवर तोललेले मजले लागतात. बाहेर ऊन भाजत असताना आत उभं राहिलं की अंगावर गारवा येतो. ही गोंड काळातली बावली राजा हटेसिंह वल्के यांनी बांधवली, असं इथे सांगतात. पाणी साठवायचं, आणि दमलेल्या माणसाला त्याच्याकाठी बसायला सावलीही द्यायची, हा विचार ज्यांनी केला त्यांच्याबद्दल मनात आदर दाटून येतो.

पण या वेळी मी हट्ट्याला आलो तो बावलीसाठी नव्हे, बांध्यांसाठी. या बांध्यांचा आणि सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या जबलपूरचा संबंध मला पाहायचा होता.

1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. शेतीचं शिक्षण घ्यायचं तर नागपूरचं कृषी महाविद्यालय. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. 1964 मध्ये जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झालं, 1969 मध्ये अकोल्याला आपलं कृषी विद्यापीठ. एकाच मातीतल्या, एकाच पावसावरच्या धानाला नदीच्या दोन काठांवर दोन विद्यापीठं मिळाली.

जबलपूरच्या विद्यापीठाचं नाव मराठी शेतकऱ्याला ठाऊक नसेल, पण त्याचं काम ठाऊक आहे. विदर्भ-मराठवाड्यात ज्याला नुसतं 'तीनशे पस्तीस' म्हणतात, ते जेएस 335 सोयाबीन याच विद्यापीठाच्या सीहोरच्या केंद्रात तयार झालं. बालाघाट जिल्ह्यात विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र बडगावला आहे, आणि वारासिवनीजवळ मुरझडला कृषी महाविद्यालय आहे. करपा, गादमाशी, तुडतुडे यांचं काय करायचं, महिनाभराच्या पऱ्ह्यांऐवजी दहा-बारा दिवसांचं एकेक रोप अंतर राखून लावलं तर फुटवे किती वाढतात, हे शेतकऱ्याच्या बांधीत उभं राहून दाखवायचं, हे अशा केंद्रांचं काम. त्याची बातमी होत नाही. पण पेरणीच्या तोंडावर खात्रीचं बियाणं हाती पडणं म्हणजे काय, हे ज्याचं एकदा बियाणं फसलं आहे त्यालाच कळतं.

जबलपूरच्या या कामाची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र हट्ट्याच्या दक्षिणेला, नदीच्या आपल्या बाजूला घडली. विद्यापीठातले धानशास्त्रज्ञ डॉ. जे. पी. पटेल यांनी 'पटेल 3' हा वाण तयार केला. तो विदर्भात पोहोचला. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांच्या दीड एकरातही तो लावलेला होता. 1983 च्या सुमारास त्यांना आपल्या बांधीत तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. त्यातून बारीक दाण्याचा जो तांदूळ निघाला त्याला व्यापाऱ्यांनी त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळावरून 'एचएमटी' म्हटलं. तो आज घराघरात शिजतो. दादाजी 2018 मध्ये गेले. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला, पण एचएमटीने बाजारात जो पैसा खेळवला त्यातला त्यांच्या घरी फारसा आला नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

ही गोष्ट घडू शकली, कारण पटेल 3 हा सरळ वाण होता. घरचं बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरता येत होतं. बियाणं शेतकऱ्याच्या कणगीत राहिलं, म्हणून त्याची नजर त्यावर राहिली. संकरित धानाचं बियाणं दरवर्षी दुकानातून आणावं लागतं. तिथे लोंबी निवडायची सवयच मोडते. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने सरळ वाणांचं काम कधीही सोडू नये, असं मला फार वाटतं. नफा नाही म्हणून ते काम दुसरं कोणी करणार नाही.

आणि कधी विद्यापीठाने काही द्यायचं नसतं, इथे जे आहे ते ओळखायचं असतं. चिन्नोर हा बालाघाटचा जुना सुवासिक धान. उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, पीक कमी देतो. भरघोस वाण आले तसा तो मागे पडत गेला. घरच्यापुरता, पाहुण्यांपुरता एखाद्या बांधीत उरला. 2021 मध्ये 'बालाघाट चिन्नोर'ला भौगोलिक मानांकन मिळालं. अर्ज शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा, आणि त्यामागची शास्त्रीय मांडणी जबलपूरच्या शास्त्रज्ञांची. पुढे आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही मानांकन मिळालं. मानांकनं दोन झाली, तरी वास एकच आहे. दोन्ही काठांच्या शास्त्रज्ञांनी या धानासाठी एकत्र बसावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हट्ट्याला यायचं तर पावसाळा सरल्यावर यावं. बावलीत पाणी भरपूर असतं. हलके धान कापून झालेले असतात, बांध्या मोकळ्या दिसू लागतात. चिन्नोर भारी धान, उशिरा निसवणारा. आजूबाजूचं सगळं कापून झाल्यावरही त्याची एखादी बांधी उभी असते, आणि सकाळी धुऱ्यावरून जाताना ती दिसण्याआधीच वास येतो.