टीबीच्या जंतूची वही

‘गोळ्या नीट खाल्ल्या नसतील, म्हणून बिघडला तिचा टीबी.’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, म्हणजे एमडीआर टीबी निघाला की दोष थेट रुग्णावर. त्यातून रुग्ण घरातली सून असेल तर बघायलाच नको. हे वाक्य कितपत खरं आहे, ते आता जंतूलाच विचारता येतं. कसं, ते सांगते.

समजा, आईच्या वहीतून तुम्ही अनारशांची कृती उतरवली आणि लिहिताना दोन वाट्यांच्या तीन वाट्या झाल्या. तुमच्या वहीतून नणंदेनं घेतली, तिच्याकडून तिच्या जावेनं. सगळ्यांकडे तीन वाट्याच! उद्या कुणी या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणाचं कुणाकडून आलं ते लगेच कळेल.

टीबीच्या जंतूतही अशी एक वही असते. तिला म्हणायचं जीनोम. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. पण लांबी सुमारे ४४ लाख अक्षरांची. १९९८ साली ती पहिल्यांदा पूर्ण वाचली गेली. एका जंतूचे दोन होताना ही वही नकलली जाते आणि कधीतरी एखादं अक्षर चुकतं. हा जंतू तसा संथ, दोन-तीन वर्षांत साधारण एका अक्षराचा फरक पडतो. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत पाचापेक्षा जास्त अक्षरांचा फरक नसेल, तर संसर्गाची साखळी अलीकडची आहे असं धरतात.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात अतिशय चिवट टीबी झालेल्या ४०४ रुग्णांचा असा अभ्यास झाला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. यातल्या २८० जणांनी एमडीआर टीबीचे उपचार त्याआधी कधी घेतलेलेच नव्हते. मग गोळ्या चुकवण्याचा प्रश्न येतोच कुठे? आणि बहुतेकांचे जंतू एकमेकांशी जुळत होते. म्हणजे चिवट झालेला जंतूच हवेतून त्यांच्यापर्यंत आला होता. बंद खोली, गर्दीचा दवाखाना, खिडकी नसलेलं घर. त्याला एवढं पुरतं.

याचा अर्थ गोळ्या सोडल्या तरी चालतात, असा मुळीच नाही. अर्धवट औषधानं जंतू चिवट होतो, हे खरंच आहे. पण तो कुणाच्या शरीरात चिवट झाला आणि त्रास कुणाला झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या कामाचं. लघवी नारिंगी करणारी गोळी म्हणजे रिफाम्पिसिन. तिला न जुमानणाऱ्या जंतूत चूक बहुतेक वेळा ८१ अक्षरांच्या एका छोट्या तुकड्यातच सापडते. सीबीनॅट यंत्र तो तुकडा तपासून दोन तासांत उत्तर देतं. आपल्या गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅटही तेच काम करतं. मात्र इतर औषधं चालतील की नाही, ते या तपासणीत कळत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. संपूर्ण वही वाचली की बऱ्याच औषधांबद्दल एकदम कळतं, पण त्यासाठी सहसा जंतू आधी प्रयोगशाळेत वाढवावा लागतो आणि त्यात काही आठवडे जातात. शिवाय ती सोय गावोगावी नाही.

तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. टीबी निघाला तर ‘रिफाम्पिसिनची तपासणी झाली का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. घरात कुणाला एमडीआर टीबी असेल, तर ते आधीच सांगा. आणि नमुना देताना लाळ नको, सकाळी खोल खोकून आलेला बेडका द्या. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब जाऊन.