प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो

वसंतातल्या व्याख्यानांतून साहित्य, इतिहास आणि समाजकारण यांची चर्चा आपण हौसेने ऐकतो. आजचा विषय मात्र चारचौघांत उच्चारला जात नाही. तो आहे गुदद्वाराच्या व त्याच्या आसपासच्या गाठींचा. डोळा, कान, दात यांच्याविषयी आपण मोकळेपणी बोलतो, आणि परसाकडेच्या जागेचे नाव निघाले की मान खाली घालतो. या संकोचापायी रोग वाढतो, म्हणून आज तो थोडा बाजूला ठेवू.

आपल्या पूर्वजांना हा संकोच नव्हता. सुश्रुतसंहितेत अर्श म्हणजे मूळव्याध आणि भगंदर यांचे सविस्तर वर्णन आहे. इतकेच नव्हे, तर गुदद्वार तपासण्यासाठी गाईच्या सडाच्या आकाराच्या चार अंगुळे लांब ‘अर्शोयंत्रा’चीही माहिती तेथे सापडते. आजचे डॉक्टर ज्या आखूड नळीतून ही जागा पाहतात, ती त्याच जातीची आहे.

प्रथम या भागाची रचना पाहू. गुदमार्ग हा आतड्याचा शेवटचा, अवघा तीन-चार सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्या मध्यावर दातेरी कडेसारखी एक रेषा असते. या रेषेच्या वर आतड्याचे अस्तर असते व तेथे वेदना जवळजवळ जाणवत नाही. खाली कातडीसारखे अस्तर असते आणि तेथे जरा टोचले तरी कळ निघते. लसीकावाहिन्यांच्या वाटाही या रेषेपाशी बदलतात. खालच्या भागातला कर्करोग पुष्कळदा आधी जांघेतील गाठींत उतरतो. म्हणून जांघेत अवधाण आले आहे असे समजून शेकत बसणे धोक्याचे ठरू शकते.

येथील सगळ्याच गाठी वाईट नसतात. मूळव्याधीचे कोंब, कातडीची लोंबती टोके, चामखिळी, चरबीच्या गाठी हे प्रकार नेहमी आढळतात. गुदमार्गाचा कर्करोग त्यामानाने विरळा. पण पंचाईत अशी की दोहोंची लक्षणे सारखीच असतात. रक्त पडणे, खाज, ठणका, ओलसरपणा, हाताला गाठ लागणे, शौचाची सवय बदलणे, यांपैकी काहीही दोन्हींत असू शकते. एखाद्याला मूळव्याध आणि कर्करोग एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे ‘जुनीच मूळव्याध आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या भगंदरातही क्वचित कर्करोग उद्भवतो.

बिरसीसारख्या गावातला शेतकरी काय करतो ते पाहा. रोवणीच्या दिवसांत रक्त दिसले तरी तो बांधीतून बाहेर पडत नाही. मग धानकापणी येते. दरम्यान भिंतीवरची ‘बवासीर, भगंदर : बिना ऑपरेशन’ ही जाहिरात वाचून कोणाकडून तरी सुई टोचून घेतो किंवा लेप लावतो. घरातील बाई तर नवऱ्यालाही सांगत नाही. यात जे महिने निघून जातात, त्यांची किंमत पुढे चुकवावी लागते.

वास्तविक निदानाची पहिली पायरी सोपी आहे. डॉक्टर ती जागा डोळ्यांनी पाहतात, हातमोजा घालून बोटाने चाचपतात, मग नळीतून आत पाहतात. याला काही मिनिटे पुरतात. शंका आली तर गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. तिच्यावाचून कर्करोग ठरत नाही. ठरल्यावर तो कोठवर पसरला आहे हे एमआरआय व सीटी स्कॅनने कळते, आणि जांघेतील संशयित गाठीत सुई घालून तेथील पेशी तपासतात.

हा तुकडा तपासणे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. थोडे वर, मलाशयात होणारा कर्करोग निराळ्या जातीचा असतो व त्यात शस्त्रक्रियेला मोठे स्थान आहे. गुदमार्गाचा कर्करोग बहुधा कातडीसारख्या चपट्या पेशींचा असतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे. पूर्वी यावरही एकच मार्ग होता. १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी वर्णिलेल्या पद्धतीने गुदद्वार व मलाशय काढून टाकायचे आणि पोटावर शौचाची कायमची वाट करायची. १९७४ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या डॉ. नॉर्मन नायग्रो यांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी रुग्णांना किरणोपचार व औषधे एकत्र दिली होती. शस्त्रक्रिया झालेल्या दोघांच्या काढलेल्या भागात कर्करोग उरलाच नव्हता, आणि तिसऱ्याने शस्त्रक्रिया नाकारली होती! तेव्हापासून विचारच पालटला. आज पाच-सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत फ्लुओरोयुरासिल व मायटोमायसिन ही औषधे देतात. बहुतेकांचे गुदद्वार त्यामुळे वाचते. गाठ विरघळायला कधी सहा महिनेही लागतात, तोवर धीर धरावा लागतो. गाठ उरली किंवा उलटली तरच मोठी शस्त्रक्रिया करतात. बाहेरच्या कातडीवरची अगदी लहान गाठ नुसती कापूनही भागते. उपचारात कातडी भाजल्यासारखी होते, जुलाब होतात, थकवा येतो. पण वेळीच आलेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

हा रोग होतो कशाने? मुख्यतः मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागेही हाच विषाणू आहे, आणि ते दाखवून देणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो, तेव्हा रोग झाला म्हणून कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवणे अडाणीपणाचे आहे. धूम्रपान आणि एचआयव्हीसारखी प्रतिकारशक्ती खालावणारी दुखणी धोका वाढवतात. विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. ती वयात येण्याच्या सुमारास, संसर्गापूर्वी घेतली तर अधिक गुणकारी ठरते.

पहिल्या तपासणीसाठी दूर जावे लागत नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढील उपचारांसाठी नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तर १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी.

तेव्हा श्रोत्यांना आमचे सांगणे एवढेच. रक्त दिसले तर घाबरू नका, पण स्वतःच निदानही करू नका. दोन-तीन आठवड्यांत बरे न होणारे दुखणे, गाठ वा व्रण डॉक्टरांना दाखवा आणि ‘बोटाने तपासा’ असे न लाजता सांगा. आणि घरी गेल्यावर आईला, बायकोला, वडिलांना एकदा विचारा. विचारणारे कोणी नाही, एवढ्याच कारणाने कित्येकजण गप्प राहिलेले असतात.