जुनी बुलेट, नवी स्पोर्ट्‌स बाईक आणि ब्रेकचा हिशेब

उसाचे पहिले बिल खात्यावर जमा झाले की गावात दोन गोष्टी हमखास दिसतात. थोरला भाऊ वडिलांच्या वेळची बुलेट नाहीतर आरएक्स-१०० गोठ्यामागून काढून गॅरेजला लावतो, आणि धाकटा नव्या स्पोर्ट्‌स बाईकसाठी शोरूमला हेलपाटे घालतो. मग पारावर वाद रंगतो. एक म्हणतो, जुनं ते सोनं, लोखंड बघा कसलं! दुसरा म्हणतो, पळायला नवीच पाहिजे. दोघेही पळण्याचेच बोलतात, थांबण्याचे कोणी बोलत नाही. खरा हिशेब मात्र थांबण्याचा आहे.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. अंधारात पुढे उसाची ट्रॉली दिसली आणि ब्रेक धरेपर्यंत एक सेकंद गेला, तरी १७ मीटर संपले. कोरडे डांबर, चांगले टायर आणि दोन्ही ब्रेक नीट लावले तर पुढे आणखी सुमारे २० मीटर लागतात. नुसता मागचा ब्रेक दाबला तर हेच अंतर ४० मीटरच्या घरात जाते. वेग ६० चा ८० केला तर वीसचे ३६ मीटर होतात. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, अंतर मात्र दुपटीकडे गेले. हे गणित जुन्या गाडीलाही लागू आणि नव्यालाही.

आपल्याकडे पुढचा ब्रेक धरायची भीती फार. 'पुढचा दाबला की गाडी पालथी होते', असे लहानपणापासून कानावर पडलेले असते. वास्तविक ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे हलके होते. म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम न आवळता हळूहळू दाबत न्यायचा, एवढेच.

ड्रम आणि डिस्क

जुन्या गाड्यांना ड्रम ब्रेक. आत दोन शू, ते फाकून ड्रमला घासतात. घाट उतरताना सारखा ब्रेक धरला की ड्रम तापतो आणि पकड ढिली पडते. ओढ्यातून गाडी काढली की आत पाणी शिरते आणि ब्रेक काही वेळ लागतच नाही. अशा वेळी वेग कमी ठेवून, ब्रेक हलका धरून थोडे अंतर चालावे. शू घासून कोरडे होतात. घाटात खालचा गिअर टाकावा. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीला इंजिनच बरेच आवरते. आरएक्स-१०० टू-स्ट्रोक, तिला तो आधार फार थोडा.

डिस्क ब्रेक उघड्यावर असतो, लवकर थंड होतो, पाणी झटकतो. यामाहा आर-१५ सारख्या गाडीचे वजन १४० किलोच्या आसपास, दोन्ही चाकांना डिस्क, मागचे टायर १४० मिलिमीटर रुंद. जुनी बुलेट दीडशे किलोच्या वर आणि टायर मात्र बारीक. दोन्हींची बरोबरी होणारच नाही.

मॉडिफाय करताना

मग पोरे म्हणतात, जुन्या गाडीलाच डिस्क बसवू. गॅरेजवालाही बसवून देतो. पण जुन्या गाडीचा पुढचा चिमटा ड्रमसाठी बनवलेला असतो. डिस्कचा ओढा एकाच बाजूच्या नळीवर येतो. नळी बारीक असली तर जोरात ब्रेक धरताच हँडल एका अंगाला खेचते. रिमपेक्षा मोठे टायर घातले तर गाडी वळणावर जड लागते. हँडल खाली घेतले तर वजन मनगटावर येते आणि खड्ड्यात गाडी सावरणे कठीण होते.

कायद्याचेही बघावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा बदल आडवा येऊ शकतो. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी नव्याने करताना तपासणी होते, तिथेही अडचण येते.

त्यापेक्षा आहे तो ड्रम चांगला ठेवावा. शू झिजले की बदलावेत, आतली धूळ साफ करावी, केबलला तेल द्यावे पण लायनरला लागू देऊ नये. टायर गुळगुळीत होईपर्यंत वाट पाहू नये.

नवीचेही दोष आहेत

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. चाक जाम होऊ न देणे हे त्याचे काम. ओल्या डांबरावर त्याने जीव वाचतो. पण शेतरस्त्याच्या खडीवर एबीएसमुळे गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकते. स्पोर्ट्‌स बाईक वळणावर चपळ, तरी तिचे शॉकॲब्जॉर्बर कडक आणि पोट जमिनीलगत. गाडीरस्त्याच्या चाकोरीत ती टेकते. मागे दुधाचे कॅन बांधले की पुढचे चाक हलके होते, मग हँडलही ऐकत नाही. अशा वाटेवर जुनी गाडी संथ का होईना, सरळ चालते.

एक धोका मात्र घरातलाच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. नव्या गाड्यांत नेमके उलटे. एकाच घरात दोन्ही असल्या तर ऐन वेळी पाय चुकतो. गाडी बदलली की आधी मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा थांबून पाय बसवून घ्यावा.

ग्रामपंचायतीलाही यात काम आहे. गतिरोधकाला पांढरे पट्टे मारणे, नांगरटीनंतर डांबरावर पडलेला चिखल काढायला लावणे, हंगामात ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर असल्याशिवाय गावातून जाऊ न देणे, यासाठी मोठा निधी लागत नाही. सरपंच आणि पोलीस पाटलांनी हंगामापूर्वी एक दिवस गावातल्या फिटरला चावडीपुढे बसवून सर्वांचे ब्रेक तपासून घ्यावेत. गाडी नवी की जुनी हा वाद पारावर खुशाल चालू द्या. हेल्मेट डोक्यावर आणि ब्रेक ठिकाणावर असले म्हणजे झाले.