९३ शोधून दाखव

कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या मॅडम तासाच्या सुरुवातीला संगणक चालूच करू देत नाहीत, असं कानावर आलं आणि तो तास बघायचाच असं मी ठरवलं. फोनवर मागितला की आयता प्रोग्रॅम मिळतो अशा दिवसांत ही मुलं कागद-पेन्सिल घेऊन काय करतात, याची मला उत्सुकता होती.

त्या दिवशी विषय होता बायनरी सर्च. यादी चढत्या क्रमाने लावलेली हवी. मधला आकडा बघायचा, हवा असलेला त्याच्यापेक्षा मोठा असेल तर डावी बाजू सोडून द्यायची, लहान असेल तर उजवी. ‘‘हजार नावं असली तरी जास्तीत जास्त दहा वेळा बघावं लागतं,’’ मॅडम म्हणाल्या. हजाराचे पाचशे, पाचशेचे अडीचशे, असं मुलांनी बोटांवर मोजून पाहिलं. हजारात दहा. फळ्याच्या कोपऱ्यात तो आकडा लिहिला गेला.

संगणक सुरू झाले. फळ्यावर आठ आकडे होते : १२, २५, ३७, ४८, ६०, ७१, ८५, ९३. त्यांच्या जागा शून्य ते सात. एका मुलाचा प्रोग्रॅम सर्वांत आधी तयार झाला. त्याने ४८ शोधला, सापडला. १२ शोधला, तोही सापडला. ‘‘झालं, मॅडम.’’

‘‘आता ९३ शोधून दाखव.’’

एंटर दाबलं आणि पडद्यावर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मुलगा लगेच दुरुस्तीला लागला. व्हाईलच्या अटीतलं बरोबरचं चिन्ह काढलं, रन. परत घातलं, रन. एका ठिकाणी एक मिळवला, रन.

त्याच्या शेजारच्या मुलीचाही प्रोग्रॅम तिथंच अडकला होता. तिने कीबोर्ड बाजूला सारला आणि वहीत चार रकाने आखले : लो, हाय, मिड (शोधायच्या भागाची पहिली, शेवटची आणि मधली जागा), मिडवरचा आकडा. पहिली ओळ ०, ७, ३, ४८. ९३ मोठा, म्हणून लो झाला ३. दुसरी ओळ ३, ७, ५, ७१. तिसरी ५, ७, ६, ८५. चौथ्या ओळीला ती थबकली. सहा नि सात तेरा, तेराचे निम्मे साडेसहा. पण सीमध्ये पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून जातो. म्हणून ६, ७, ६, ८५. पाचवी ओळही तीच.

‘‘मॅडम, हे थांबंनाच की!’’

मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘८५ बघून झालाय ना? मग तो अजून यादीत कशाला ठेवलायस?’’

मुलीने पुन्हा ओळी वाचल्या आणि ‘लो = मिड’च्या पुढे ‘+ १’ लिहिलं. जो आकडा तपासून झाला तो यादीतून गेला पाहिजे. प्रत्येक फेरीत यादी लहान झालीच पाहिजे. हजारात दहा हा हिशेब त्यावरच उभा आहे. यादी लहान होईनाशी झाली, तर आठ आकड्यांत हजार वेळा बघूनही ९३ सापडायचा नाही.

थोड्या वेळाने मुलालाही तो एक बरोबर जागी सापडला. आता दोघांचे प्रोग्रॅम अक्षरशः सारखे होते. हा एक इथंच का, असं मॅडमनी विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘आता चालतंय, मॅडम.’’ मुलीने वही पुढे केली. मला त्या दोन उत्तरांतलं अंतर फार मोठं वाटलं.

हा प्रोग्रॅम भल्याभल्यांना चकवतो. संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी तो व्यावसायिक प्रोग्रॅमरांना लिहायला दिला, पुरेसा वेळही दिला. तपासल्यावर सुमारे नव्वद टक्के लोकांना आपल्या प्रोग्रॅममध्ये चुका सापडल्या. ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात बेंटलींनी स्वतःचा प्रोग्रॅम बरोबर असल्याचं सिद्ध करून दाखवलं. २००६मध्ये प्रोग्रॅमर जोशुआ ब्लॉक यांनी त्यातलीही एक चूक उघड केली. यादी अब्जावधी आकड्यांची झाली की लो आणि हाय यांची बेरीजच संगणकातल्या पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तयार लायब्ररीतही तीच चूक वर्षानुवर्षं होती. एवढी मोठी यादी क्वचितच कुणी देत असल्याने नेहमीच्या वापरात ती दिसली नव्हती; एकाचा प्रोग्रॅम त्यामुळे मोडला तेव्हा ती उघडकीला आली.

म्हणून विश्लेषणात्मक विचार मला त्या चार रकान्यांत दिसतो. काय घडेल ते आधी लिहायचं, मग ताडून बघायचं, आणि आपलं म्हणणं जिथं मोडेल अशी जागा आपणच शोधायची. आयता प्रोग्रॅम मिळू लागल्यापासून याची गरज वाढली आहे; तो बरोबर आहे का, हे ठरवणारं माणूस लागणारच.

आपल्या परीक्षांत मात्र पाठ केलेला प्रोग्रॅम उतरवला की गुण मिळतात. त्याऐवजी एक चुकीचा प्रोग्रॅम छापावा आणि विचारावं : हा कोणत्या आकड्याला फसेल, आणि का? पैकीच्या पैकी गुण त्या ‘का’ला द्यावेत.