कंत्राटदार अनुज्ञप्ती

मोबदल्याच्या करारावर दुसऱ्याचे काम अंगावर घेणाऱ्यास ते करण्यासाठी शासनाने अथवा शासननियुक्त मंडळाने दिलेली परवानगी. नोंदणीहून ती भिन्न होय. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीत विशिष्ट वर्गात नाव असणे म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतच्या निविदा भरण्याची पात्रता. खाजगी घर बांधण्यास ती लागत नाही.

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर आहे. अशा दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून असलेले घर पाडून नवे बांधताना शेजारच्या घराचा आधार जातो. नकाशा सादर करणारा वास्तुविशारद नोंदणीकृत किंवा अभियंता अनुज्ञप्तिधारक असावा लागतो. पाया खणून घेणाऱ्या ठेकेदाराच्या कौशल्याची मात्र कायद्याने परीक्षा ठेवलेली नाही. त्याच घरात विजेच्या तारा ओढणाऱ्याची ती आहे, ही विसंगती लक्षणीय म्हटली पाहिजे.

भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांतील नियम ४५ नुसार विद्युत् संच मांडणीचे काम राज्य शासनाच्या अनुज्ञप्तिधारक कंत्राटदारानेच, सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावयाचे असे. दिवा, पंखा, फ्यूज वा बटण बदलण्यास सूट होती. २०१० व २०२३ च्या विनियमांनी हे तत्त्व कायम ठेवले. अनुज्ञप्ती राज्यागणिक वेगळी असते. वऱ्हाड ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, त्यामुळे अकोला व बऱ्हाणपूर एकाच राज्यात मोडत. आज बऱ्हाणपुरात काम घेणाऱ्या अकोल्याच्या वीज कंत्राटदारास मध्य प्रदेशाची अनुज्ञप्ती लागते.

कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० खालील अनुज्ञप्ती कौशल्याची नव्हे, कामगारसंख्येची दखल घेई. मूळची २० कामगारांची मर्यादा महाराष्ट्राने पुढे ५० केली. २०२५ मध्ये अंमलात आलेल्या २०२० च्या संहितेतही ती ५० आहे. गल्लीतील लहान ठेकेदार अर्थातच तिच्याबाहेर राहतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचे अनुज्ञप्ती मंडळ १९२९ पासून आहे. तेथे चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५,००० डॉलरचा हमीबंध लागतो. टेक्ससमध्ये सर्वसाधारण बांधकामास राज्यस्तरीय अनुज्ञप्ती नाही. कॅनडाच्या क्वीबेक प्रांतात ती आवश्यक आहे.

भारतात १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणी ही ग्राहक कायद्यातील ‘सेवा’ ठरली. त्यामुळे बांधकाम सदोष झाल्यास घरमालक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. ज्या शेजाऱ्याच्या भिंतीस तडा गेला, तो ठेकेदाराचा ग्राहक नसल्याने त्याला दिवाणी न्यायालयातच जावे लागते.