सोनपेठहून एका दिवसात राजवाडा पाहून परत येता येते का? बिदरच्या सहलीचे गणित समजून घ्या

पहाटे निघा, ऐतिहासिक महाल पाहा, माहिती सांगायला गाइड सोबत आणि रात्री घरी परत. दिवाळी झाली की अशा सहलींच्या जाहिराती फोनवर दिसू लागतात. त्यातल्या बहुतेक पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या असतात. सोनपेठ, पाथरी, गंगाखेड भागातल्या कुटुंबाने, शाळेने किंवा बचत गटाने अशी सहल करायची म्हटली तर जायचे कुठे?

थोडक्यात उत्तर: बिदर. पण तिथला सर्वांत देखणा महाल अनेकदा कुलूपबंद असतो. ते कुलूप उघडण्याची व्यवस्था आधी झाली नसेल, तर सहलीतला निम्मा अर्थ गेला.

बिदरच का?

सोनपेठहून छत्रपती संभाजीनगर आणि बिदर ही दोन्ही शहरे रस्त्याने साधारण सारख्याच अंतरावर आहेत, २०० किलोमीटरच्या आसपास. सहल म्हटली की गाड्या संभाजीनगरकडे वळतात. वेरूळ आणि देवगिरी पाहायचे असेल तर ते योग्यच. पण राजवाडा पाहायचा असेल तर तिकडे फारसे हाती लागत नाही. बीबी का मकबरा सुंदर आहे, बागही आखीव आहे, पण ती कबर आहे. देवगिरीवरचा चिनी महाल आता निळ्या फरशांच्या काही तुकड्यांपुरता उरला आहे.

बिदरच्या किल्ल्यात मात्र एकाच तटाच्या आत रंगीन महाल, गगन महाल, तर्कश महाल, तख्त महाल, सोळा खांबांची मशीद आणि तिच्यासमोरचा लालबाग आहे. अहमदशहा बहमनीने १५व्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून राजधानी इथे आणली. बहमनींनंतर बरीदशाहीचा कारभारही इथूनच चालला.

मराठवाड्यासाठी बिदर तसे परकेही नाही. १९५६ पर्यंत दोन्ही प्रदेश हैदराबाद राज्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यातच मोडायचे. आजही बिदरच्या बाजारात मराठीत विचारले तर उत्तर मिळते.

पाथरीचा माणूस बिदरच्या दरबारात

ही गोष्ट गाइडने सांगितली नाही, तर सोनपेठकरांनी आवर्जून विचारावी. इतिहासकार फरिश्ता याच्या नोंदीनुसार, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला एक मुलगा बहमनी सैन्याच्या हाती लागला आणि बिदरला आणला गेला. तिथे तो वाढला, शिकला, मलिक हसन झाला आणि पुढे दरबारातला बडा सरदार बनला. वजीर महमूद गवानविरुद्धच्या ज्या कटातून १४८१ मध्ये गवानचा शिरच्छेद झाला, त्यात मलिक हसनचे नाव घेतले जाते. पाच वर्षांनी तोही बिदरलाच मारला गेला. अहमदनगरची निजामशाही ज्याने स्थापली, तो मलिक अहमद याच मलिक हसनचा मुलगा. पुढे पाथरीच्या मालकीवरून निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढाया झाल्या.

एवढे माहीत असले की महमूद गवानच्या मदरशासमोर उभे राहून होणारी सहल वेगळी होते. १४७२ ची ही इमारत बिदर शहरात, किल्ल्यापासून जवळच आहे. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटात तिचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर रंगीत फरशांची नक्षी अजून दिसते.

कुलपाचा प्रश्न काय आहे?

रंगीन महाल आकाराने लहान आहे. आजचे त्याचे रूप मुख्यतः अली बरीदच्या काळातले, म्हणजे १६व्या शतकातले. काळ्या दगडात शिंपल्याचे चकाकते तुकडे जडवून केलेली नक्षी, कोरीव लाकडी खांब आणि भिंतीवर रंगीत फरशा हे सारे दोन-तीन दालनांत आहे. शिंपल्याचे काम अंधाऱ्या खोलीत आहे, त्यावर तिरपा उजेड पडल्याशिवाय ते नीट कळतही नाही.

नाजूक काम आणि भिंतींवर नावे कोरणारे पर्यटक, यामुळे ही दालने सर्वांसाठी कायम उघडी नसतात. किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारावे लागते. कर्मचारी मोकळा असेल तर दाखवतो. पन्नास मुलांची रांग एकदम आत सोडली जाईल, ही अपेक्षा ठेवू नये.

म्हणून सहल ठरवताना आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: 'रंगीन महाल आतून दाखवणार का, आणि त्यासाठी आधी कुणाशी बोलणे झाले आहे?' 'बघू, तिथे गेल्यावर' असे उत्तर आले, तर तो गाइड नसून फक्त गाडी भरणारा आहे, असे समजायला हरकत नाही. पर्यटन विभागाचे ओळखपत्र असलेला गाइड मागावा. त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की वेगळे, हेही आधीच लिहून घ्यावे.

वेळ कुठे जातो?

सोनपेठहून पहाटे ५ वाजता निघाले तर परळी, अहमदपूर, उदगीरमार्गे बिदरला पोहोचायला साडेनऊ-दहा होतात. परतीलाही तितकाच वेळ. म्हणजे १६ तासांच्या दिवसातले ९ तास रस्त्यावर. उरलेल्या सातात जेवण, चहा आणि मोजणी करून मुलांना गाडीत बसवणे आले. किल्ल्याला किमान तीन तास हवेत. मदरशाला पाऊण तास पुरतो. उरलेल्या वेळात अष्टूरची बहमनी थडगी किंवा बिदरी कारागिरांची दुकाने, यातले एकच नीट होते.

जाहिरातीत यापुढे बसवकल्याण, नरसिंह झरा आणि गुरुद्वाराही जोडलेला असेल तर कागदावरच ती सहल फसलेली आहे. सात ठिकाणे पाहणे म्हणजे सात ठिकाणी गाडीतून उतरणे.

निवड करायचीच असेल तर अष्टूर घ्यावे. अहमदशहा वलीच्या कबरीचे छत आतून सोनेरी-लाल रंगांनी रंगवलेले आहे. मुस्लिमांबरोबर लिंगायत भाविकही तिथल्या उरुसाला येतात.

गाडी आणि सवलत: इथे गोंधळ होतो

एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना पूर्ण सवलत आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. सीमेपुढच्या टप्प्याचे पूर्ण भाडे पडते. कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे. आधार कार्डावर सोनपेठचा पत्ता असेल तर तिकीट काढावेच लागेल.

शैक्षणिक सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्यात बस देते. परराज्यात जायचे असल्याने आगारात आधी चौकशी करावी आणि शिक्षण विभागाची परवानगी हातात आल्याशिवाय पालकांकडून पैसे गोळा करू नयेत.

खासगी गाडी ठरवताना पिवळी नंबरप्लेट आणि परराज्याचा परवाना पाहावा. ओळखीच्यांची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने नेली आणि वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. पाचशे-हजार वाचवण्यासाठी घ्यावी अशी ही जोखीम नाही.

रेल्वेने परळी, लातूर रोड, उदगीर, बिदर असा थेट मार्ग आहे. त्याच दिवशी परतीची गाडी सोयीची आहे का, हे मात्र तारखेनुसार तपासावे.

आणि कलावंताची बाग?

पॅरिसहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींत व्हर्सायच्या राजवाड्याला चित्रकार क्लोद मोनेची ज्हिवर्नीची बाग जोडलेली असते. व्हर्साय २० किलोमीटरवर, ज्हिवर्नी सुमारे ७५ किलोमीटरवर, त्यामुळे ते जमते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी जागा अलिबागजवळ सासवण्याला आहे. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे ते घर. म्हैस, कोळीण अशी त्यांची शिल्पे तिथे घरात आणि अंगणात मांडलेली आहेत. दुसरी जागा साताऱ्यातले औंध. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांचे संग्रहालय आजही पाहता येते. पण सोनपेठहून या दोन्ही ठिकाणांसाठी किमान एक मुक्काम लागतो. एका दिवसात नेतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

बिदरमध्ये कलावंत पाहायचा तर बिदरी कारागिराकडे जावे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्याच्या जुन्या भागातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यातून काढले की जस्त काळेभोर होते आणि चांदी तशीच राहते. दुकानात फक्त वस्तू मिळतात, काम पाहायचे असेल तर कारखान्यात न्यायला गाइडला सांगावे.

किल्ल्यातली ठिकाणे संध्याकाळी बंद होतात आणि हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, त्यामुळे किल्ला सकाळीच उरकावा. सोबत प्रत्येक गटामागे एक बॅटरी ठेवावी, शिंपल्याच्या नक्षीसाठी.